अंदमान-निकोबारच्या आदिवासींमधील हिपॅटायटिस बी

अंदमान-निकोबारच्या आदिवासींमध्ये यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग जगात क्वचितच आढळेल इतका जास्त आहे. शंभरात आठ किंवा अधिक लोक विषाणूचे वाहक (ज्यांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो असे) असले, की तो भाग उच्च प्रादुर्भावाचा धरतात. भारताचे सर्वसाधारण प्रमाण 2 ते 4 टक्के आहे. पोर्ट ब्लेअरचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था येथील संशोधकांच्या तपासण्यांत निकोबारींमध्ये सुमारे 23 टक्के, शोम्पेनांमध्ये सुमारे 38 टक्के, तर जारवांमध्ये 60 टक्क्यांहून अधिक जण वाहक आढळले. 2011 च्या जनगणनेत जारवा अवघे 380 आणि शोम्पेन 229 होते. एवढ्याशा समाजात हे प्रमाण फारच गंभीर ठरते.

याचे खापर त्या लोकांच्या राहणीवर किंवा अस्वच्छतेवर फोडणे साफ चूक आहे. दूषित पाण्यातून पसरते ती हिपॅटायटिस ए आणि ई प्रकारची कावीळ. बी विषाणू रक्त आणि शरीरस्रावांतून जातो. जारवा 1997 पर्यंत बाहेरच्यांपासून दूरच राहत होते, त्यामुळे दूषित सुया किंवा रक्त चढवणे ही कारणे तिथे फारशी लागू पडत नाहीत. विषाणू त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असावा. बाळंतपणात आईकडून बाळाला आणि लहानपणी घरातल्या घरात संसर्ग होणे हे त्याचे मुख्य मार्ग. प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांत विषाणू कायमचा राहतो. जन्मतः लागण झाल्यास सुमारे 90 टक्के बाळांत. अशा वाहकांचे बहुधा डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. यकृत आकसणे, पोटात पाणी होणे किंवा कर्करोग हे पुढे कित्येक वर्षांनी समोर येते.

या विषाणूचा माग मुळात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातून लागला. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना 1960 च्या दशकात त्यात ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ (या विषाणूच्या आवरणातील प्रथिन) सापडले आणि 1976 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच पुढे लस आली.

लसीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यावा लागतो. लस थंड ठेवावी लागते, पण गोठली तर निकामी होते. बाळंतपण घरी आणि दवाखाना बोटीच्या फेरीवर अवलंबून असला, की हे 24 तास हातचे निसटतात. तरीही कार निकोबारमध्ये लस घेतलेल्या मुलांत संसर्ग घटला. अलास्काच्या मूलनिवासींमध्ये तर 1980 च्या दशकातील लसीकरणानंतर मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ नाहीसा झाला. जे आधीच वाहक आहेत त्यांना मात्र लसीचा उपयोग नाही. त्यांना वेळोवेळी रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची रोजची गोळी लागते.