गुडघा सुजलाय? नी-कॅप घेण्याआधी एवढं वाचा

"सूज आलीय, एक नी-कॅप द्या," असं आमच्या दुकानात कुणी म्हटलं की मापाची टेप काढण्याआधी आम्ही विचारतो, सूज कधी आली? बरेच जण वैतागतात. पण खरी मेख इथेच आहे. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साचलेलं असतं. लिगामेंट (हाडं जोडून धरणारा पट्टा) तुटलेलं असू शकतं, हाडही. आधी हाडांचे डॉक्टर गाठा, नी-कॅप नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली, तर गादी (मेनिस्कस) दुखावल्याची शक्यता जास्त. आणि काही न लागता हळूहळू आलेली सूज बहुतेकदा झिजेची, कधी युरिक ॲसिडची किंवा आमवाताची.

'वाटीत पाणी झालंय' म्हणतात ते खोटं नाही. निरोगी गुडघ्यातही दोन-चार मिली वंगण असतंच. सांधा चिडला की ते वाढतं. सुईने पाणी काढलं तरी मूळ कारण तसंच राहिलं तर पुन्हा भरतं.

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरीही तेच.

साधी सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश नको. आजीचं तेल कपाटातच राहू द्या. बर्फ पातळ नॅपकिनमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. झोपताना उशी गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं, पण रोज तसं केलं तर गुडघा वाकलेलाच आखडतो. ती टाचेखाली आणि पोटरीखाली घ्या. सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू सुस्तावतो. त्यासाठी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबा, असं दहा वेळा. दुखलं तर थांबा. काठी धरायची तर चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः किडनी, बीपी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर.

आता नी-कॅपचं. सुजलेल्या गुडघ्याचं माप घेऊन आणलेली नी-कॅप सूज उतरली की घसरून पोटरीवर येते. म्हणून तोवर क्रेप बँडेज बरं. ते खालून वर गुंडाळा, ताण मध्यम ठेवा. मुंग्या आल्या किंवा पाऊल थंड पडलं तर लगेच सोडा. नी-कॅप आधार देते, झीज भरून काढत नाही. रात्री काढून ठेवा.

माप चुकलं तर बिल आणि खोका घेऊन आठ दिवसांत या, बदलून देऊ. धुतलेली मात्र परत घेत नाही.