मॉडेलिंगसाठी आधी लाखाचा पोर्टफोलिओ? गरज नाही

‘लाखभर खर्चून पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक फोटोंचा संच करा, मगच मॉडेलना काम मिळवून देणारी एजन्सी दारात उभं करेल,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. नव्या चेहऱ्याकडून एजन्सी आधी ‘डिजिटल्स’ मागतात: मेकअप नाही, फिल्टर नाही, केस मागे, अंगाबरोबरचे साधे कपडे, खिडकीचा उजेड, मागे कोरी भिंत. समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा फोटो. सोबत खरी उंची नि मापं. घरच्या कुणी मोबाइलवर काढले तरी चालतात. रंगरंगोटीत मूळ चेहराच हरवतो, ही एजन्सीची अडचण.

पोर्टफोलिओ पुढे लागतोच, पण तो कामागणिक भरत जातो. नवोदित फोटोग्राफर नि मॉडेल एकमेकांकडून पैसे न घेता टेस्ट शूट, म्हणजे सरावाचं फोटोशूट करतात, त्यातले मोजके फोटो सुरुवातीला पुरतात.

एजन्सीची कमाई कामातल्या कमिशनवर. ‘आमच्याच फोटोग्राफरकडे काढा, पैसे आगाऊ’ म्हणणाऱ्याचा धंदा बहुधा फोटो विकण्याचाच!