हेमरबाईंचं फ्रीडम फार्म आणि शेरॉडबाईंची न्यू कम्युनिटीज: दोन्ही 'सहकारी शेती', पण एक नाही

अमेरिकेतल्या खेड्यांतल्या ब्लॅक बायकांनी मिळून शेती कशी उभी केली यावर काही वाचायला घेतलं की दोन नावं हमखास एकमेकांत कालवलेली सापडतात. एक फ्रीडम फार्म, दुसरी न्यू कम्युनिटीज. घोळ होणारच म्हणा, दोन्ही १९६९ ची, दोन्ही दक्षिणेतली, दोन्हींमागे मतदानाच्या हक्कासाठी मार खाल्लेली माणसं आणि दोन्हींची जमीन शेवटी गेली. मी स्वतः कितीतरी दिवस "ती डुकरांची बँक जॉर्जियात होती ना" असं छातीठोक सांगत होतो. नव्हती. ती मिसिसिपीत होती.

तर आधी मिसिसिपी. सनफ्लॉवर काउंटी, कापसाचा मुलूख. फॅनी लू हेमर या २० भावंडांतल्या शेंडेफळ, घरची बटईची शेती, म्हणजे जमीन मालकाची, राबणार आपण आणि वर्षाच्या शेवटी हिशोब मालकाच्या वहीत. वयाच्या सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागल्या. पुढे मळ्यावर हजेरी आणि वजनं लिहायचं काम मिळालं, तर मालक आजूबाजूला नसला की काट्याला स्वतःचं बरोबर माप लावून मजुरांचा कापूस तोलायच्या, कारण मालकाच्या मापात पाप होतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेल्या आणि परत येतात तर मालक म्हणाला नाव मागे घे नाहीतर मळा सोड. सोडला. १८ वर्षांचं काम आणि राहतं घर एका दिवसात गेलं.

फ्रीडम फार्मचा उगम हा असा आहे, हे डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं. ज्याच्या घरात खायला आहे त्याला कोणी दमदाटी करू शकत नाही, हिवाळ्यापुरती भाजी बरण्यांत भरलेली असली की काय बोलायचं ते आपण ठरवतो, असं हेमरबाईंचं साधं म्हणणं होतं. त्यात कापूस वेचायची मशिनं आलेली, मजुरी आटलेली. ४० एकरांपासून सुरुवात केली, वाढत वाढत साडेसहाशे एकरांच्या आसपास गेले. भेंडी, टोमॅटो, रताळी, पालेभाज्या खायला, आणि कापूस-सोयाबीन पैशासाठी, म्हणजे जमिनीचे हप्ते त्यातून जावेत म्हणून. मेंबर फी महिन्याला १ डॉलर, आणि तीसुद्धा जेमतेम ३० कुटुंबांना परवडायची, बाकी जवळपास १५०० कुटुंबं नावापुरती मेंबर, पण भाजी त्यांनाही मिळायची.

आता ती डुक्कर बँक. नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या बायकांच्या संघटनेने ३५ माद्या आणि ५ नर दिले. मादी कुटुंबाला द्यायची, ती व्यायली की ठरलेला वाटा बँकेत परत आणि तिथून पुढच्या घरी. आपल्याकडे शेळी वाट्याने देतात ना तसंच वाटेल, पण फरक मोठा आहे. वाट्याच्या शेळीत अर्धी पिल्लं मालकाच्या गोठ्यात जातात, इथे मालकच नाही, पिल्लू सरळ शेजारणीकडे. माझ्या मते फ्रीडम फार्ममधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, जमिनीपेक्षासुद्धा, कारण हिला कर्ज लागत नव्हतं.

न्यू कम्युनिटीजचं दुखणं वेगळं. जॉर्जियातली ली काउंटी, चार्ल्स शेरॉड आणि शर्ली शेरॉड हे नवरा-बायको आणि त्यांचे साथीदार. शर्लीबाईंच्या वडिलांना १९६५ मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने गुरांच्या वादातून गोळी घातली आणि कोणावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. इकडे प्रश्न आज संध्याकाळच्या भाजीचा कमी आणि सातबाऱ्याचा जास्त होता (सातबारा तिकडे नसतो, पण कळलं ना). जमीन अशी बांधून ठेवायची की ती कोणा एकाच्या नावावर नसेल, कोणी विकू शकणार नाही, कुटुंबांना कसायला-राहायला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळेल, याला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात आणि अमेरिकेतला पहिला म्हणून याच संस्थेचं नाव घेतात.

आणि ही कल्पना आली कुठून? इस्रायलमधली गावं ही मंडळी १९६८ मध्ये जाऊन बघून आली होती हे एक, पण दुसरा धागा थेट आपल्या विनोबांच्या ग्रामदानापर्यंत येतो. ट्रस्टची आखणी करणारे रॉबर्ट स्वान ग्रामदानाने भारावलेले होते. जमिनीची मालकी गावाची, कसणार कुटुंब, बाहेरच्याला विक्री नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये ग्रामदान केलं ते याच तत्त्वावर. म्हणून न्यू कम्युनिटीज आपल्या सोसायटी किंवा साखर कारखान्याच्या चौकटीत बसवायला गेलात की गडबड होते, तिथे शेअर आणि डिव्हिडंड शोधू नका. खरं तर फ्रीडम फार्मही नावाला को-ऑप, कारभार हेमरबाईंच्या ओढीवर आणि बाहेरच्या देणग्यांवर चालायचा.

न्यू कम्युनिटीजकडे जमीन मात्र अफाट, ५७०० एकरांच्या वर, त्या काळी देशात ब्लॅक लोकांच्या हातातली सगळ्यात मोठी सलग जमीन. भुईमूग, मका, सोयाबीन, द्राक्षं, डुकरं (हो, इथेही डुकरं होती, घोळ तिथूनच होत असणार, पण बँक नव्हती). सरकारी अनुदान येणार होतं ते गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्सने अडवलं, मग सगळा डोलारा कर्जावर, आणि भाडेपट्ट्याने घरं-गावं वसवायचा मूळ बेत बराचसा कागदावरच राहिला, सगळे मिळून शेती करून हप्ते फेडत बसले.

जमीन गेली कशी, तेही वेगवेगळं. मिसिसिपीत पूर आणि दुष्काळ आला, देणग्या आटल्या, हेमरबाई आजारी, आणि थकलेल्या टॅक्सपायी १९७६ पर्यंत जमीन विकावी लागली, १९७७ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. जॉर्जियात दुष्काळ पडल्यावर सरकारी शेती कर्जाच्या ऑफिसने आपत्कालीन कर्ज रखडवून ठेवलं, गोऱ्या शेतकऱ्यांना मिळत असताना, आणि १९८५ मध्ये जप्ती आली. म्हणजे विकता येणार नाही अशी बांधलेली जमीनसुद्धा तारण ठेवल्यावर ट्रस्टच्या कागदाला कोण विचारतो.

पण जॉर्जियाची गोष्ट तिथे थांबली नाही. ब्लॅक शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर भेदभावाचा दावा लावला होता, त्यात २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातून २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळ १६३८ एकरांचा एक जुना मळा घेतला, जिथे एकेकाळी गुलाम राबायचे, आणि आता तिथे पिकॅनची (अक्रोडासारखा सुकामेवा) झाडं आहेत. शर्लीबाई त्या भागातल्या ब्लॅक शेतकरी बायकांना एकत्र आणायचं कामही करत आल्यात, आणि हा प्रकार पुन्हा तिसराच, यात प्रत्येकीची जमीन आपापली आणि माल तेवढा मिळून विकायचा.