धर्मग्राम आणि गाव : वसईतल्या एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

‘धर्मग्राम’, म्हणजे एका चर्चशी जोडलेला कॅथलिक समाज, हा शब्द वसईत इतका रुळला आहे की त्यापाशी कोणी थांबत नाही. नंदाखाल धर्मग्राम, पापडी धर्मग्राम, सांडोर धर्मग्राम. लग्नपत्रिकेत, मयताच्या सूचनेत, सणाच्या फलकावर तो असतोच. गावातलं चर्च आणि त्याच्या भोवतालचं गाव यांचं नातं कसं घडत गेलं हे सांगायचं तर या शब्दावाचून पुढे जाता येत नाही. त्यात या नात्याची ताकद आहे आणि त्याची अडचणही.

जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा दूर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. या दोन सनांच्या मधल्या दोनशे वर्षांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते १७३९ नंतरचं. युरोपीय पाद्री निघून गेले, राजाश्रय संपला, तरी वाड्यांमधली देवळं, म्हणजे ख्रिस्ती माणसांचीही देवळंच, चालू राहिली. ती सांभाळली एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि बागायती करणाऱ्या कुटुंबांनी. सत्तेचा टेकू काढून घेतल्यावर चर्च उभं राहिलं ते गावाच्या खांद्यावर, आणि गाव काही केवळ ख्रिस्ती नव्हतं. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती एकच कादोडी बोली बोलत होते, वाडवळ समाजही दोन्ही धर्मांत होता. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आणि चर्च एकाच गावात आहेत. पुढे चर्चवर पोर्तुगालचा आश्रय आणि थेट रोमची सत्ता अशा दुहेरी अधिकाराचा घोळ १९२८ पर्यंत चालला, पण तो वरच्यांचा वाद होता.

खालच्या पातळीवर नातं बांधलं ते पैशाने आणि पिकाने. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी १९१८ मध्ये वसईत एका धर्मगुरूने सहकारी पतसंस्था काढली. आज ती मोठी सहकारी बँक आहे. केळी, पान, फुलं, भाजी यांच्यावर जगणाऱ्या पट्ट्यात चर्चला शेतीपासून अलग राहता येणं शक्यच नव्हतं. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरच्या सुमारास होणारा आगेरा, म्हणजे नव्या भाताची कणसं मिरवत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा सण, याचंच रूप आहे.

मग येतो १९६० च्या दशकाचा टप्पा, आणि माझ्या लेखी हाच निर्णायक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. लॅटिन गेली. मुंबईतल्या अनेक चर्चनी इंग्रजी घेतली, वसईने मराठी. आज हे सहज वाटतं, पण भाषा निवडली म्हणजे शेजारी निवडला. चर्चबाहेरून जाणाऱ्या माणसाला आतली प्रार्थना पहिल्यांदा कळू लागली. पुढे १९६९ मध्ये रोमने भारतासाठी आरती, उदबत्ती, पंचांग प्रणाम अशा बारा गोष्टींना परवानगी दिली, तेव्हा देशभर वाद पेटला. हे हिंदूकरण आहे असं म्हणणारे कॅथलिक होते, आणि हे धर्मांतरासाठी घेतलेलं सोंग आहे असं म्हणणारे बाहेरचेही होते. आरती आणि भजन ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारून ऐकू येत होतं, त्यांना सोंगाचा आरोप जिव्हारी लागला असेल यात नवल नाही.

या मराठीकरणातच ‘धर्मग्राम’ रुजला. गोव्यात फिर्गज म्हणतात, इंग्रजी बोलणारे पॅरिश म्हणतात. हे दोन्ही शब्द मराठी कानाला काहीच सांगत नाहीत. धर्मग्राम सांगतो, आणि जरा जास्तच सांगतो. ‘ग्राम’ म्हटलं की मनात येतं ते सगळं गाव, म्हणजे पाटील, पाणवठा, स्मशान, शाळा, कुळं, भांडणं सगळी. चर्चच्या कायद्याचा अर्थ तसा नाही. १९१७ ची संहिता धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचे, भूभागानुसार तुकडे पाडा असं सांगत होती. १९८३ च्या संहितेत व्याख्या बदलली आणि पॅरिश म्हणजे श्रद्धावंतांचा एक समुदाय झाला. भूभागावरून माणसांवर येणं चांगलंच. पण ती माणसं कोणती? नोंदवहीत ज्यांचा बाप्तिस्मा आहे ती. शेजारच्या वाडीतला हिंदू बागायतदार, कोळीवाड्याकडचा मुसलमान फळविक्रेता, पाड्यावरची वारली बाई, हे सगळे गावात आहेत आणि धर्मग्रामात नाहीत. त्याच संहितेत धर्मगुरूने अन्यधर्मीयांपर्यंतही जावं असं सांगितलं आहे, पण तिथे रोख शुभवर्तमान पोचवण्याचा आहे. विहिरीचं पाणी वाटून घेण्याला त्यात कलम नाही.

शब्द आणि वास्तव यांच्यातली ही फट बारीक वाटते. तिचा परिणाम मात्र मोठा झाला. धर्मग्रामाच्या पातळीवरच्या परिषदा आणि मंडळं कॅथलिकांची असतात. म्हणून गावाचा प्रश्न उभा राहिला की चर्चला आपल्या चौकटीबाहेर, सर्वांना बसता येईल अशी वेगळी सतरंजी टाकावी लागते. ती टाकावी की नाही यावर प्रत्येक पिढीत मतभेद झाले. मला विचाराल तर ज्यांनी टाकली त्यांचंच बरोबर होतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला तसंच घडलं. वसईच्या हरितपट्ट्यावरचे बांधकामाचे निर्बंध सैल झाले, जमिनींचे सौदे सुरू झाले, विहिरी उपसून टँकर बाहेर जाऊ लागले. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. गोडं पाणी उपसलं की खारं आत येतं, आणि खाऱ्या पाण्यावर ना केळ येते ना पानवेल. जे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी मुरवायचं, ते बुजवून त्यावर घरं बांधली जाऊ लागली. एका धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली समिती उभी राहिली. ती चर्चची शाखा नव्हती, आणि त्यामुळेच दोन्ही धर्मांचे शेतकरी तिच्यात आले. बोलावणं मात्र रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, चर्चच्या अंगणातून जायचं. तिथे एकदम शेकडो माणसं जमलेली असत आणि बातमी दुपारपर्यंत सगळ्या वाड्यांत पोचे. धर्मगुरूने राजकारणात पडू नये असं तेव्हा चर्चमधल्याही काही लोकांचं म्हणणं होतं. त्याच धर्मगुरूकडे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं. पाणी वाचवणारा आणि मराठी लिहिणारा माणूस एकच, हे वसईला अनपेक्षित नव्हतं.

१९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि गावांचा लढा पुन्हा पेटला. ५३ गावांतल्या लोकांना ग्रामपंचायत सोडायची नव्हती. आंदोलनं झाली, २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळली, प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं राहिलं आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावं पुन्हा आत घेतली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यात नव्याने आलेले कॅथलिकही आहेत, मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, ज्यांना मराठी मिस्सा समजत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा हवी, हे योग्यच आहे. पण धर्मग्रामांनी चालवलेल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना पुढच्या पिढीशी आपण कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न आता जुन्या कुटुंबांच्या घरातही आला आहे.

महापालिकेत गेलेल्या गावांत ग्रामपंचायतीची पाटी उतरते, ग्रामसभा संपते. तिथे ‘ग्राम’ हा शब्द आज मुख्यतः चर्चच्या फाटकावरच वाचायला मिळतो.