विजयमार्गाची निवड (साम्राज्य-उभारणीचे संगणकीय खेळ)

पाळीपाळीने खेळायच्या साम्राज्य-उभारणीच्या संगणकीय खेळांत डाव जिंकण्याचे अनेक मार्ग असतात. त्यांपैकी कोणता धरायचा आणि तो केव्हा ठरवायचा, या निर्णयाला विजयमार्गाची निवड म्हणतात. बुद्धिबळात राजावर मात झाली की डाव संपतो. येथे शेजाऱ्यांच्या राजधान्या जिंकून डाव संपतो, तसाच अवकाशयान सोडून, पर्यटक खेचून, धर्म पसरवून किंवा जागतिक परिषदेत वजन मिळवूनही संपतो. शिवाय प्रतिस्पर्धीही आपापल्या मार्गाने धावत असतात. पुढील उदाहरणे मुख्यतः ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतली आहेत. या खेळप्रकाराची परिभाषा बरीचशी तिच्याभोवतीच घडली.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने प्रसिद्ध केला. डाव इ.स.पू. ४००० मध्ये सुरू होई आणि निर्विवाद जिंकायचे दोनच रस्ते होते : सर्व प्रतिस्पर्ध्यांचा पाडाव, किंवा अल्फा सेंटॉरी ताऱ्याकडे यान पोचवणे. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाविषयी लिहिताना अ‍ॅलन एमरिक यांनी अशा खेळांना ‘फोर एक्स’ हे नाव दिले. शोध, विस्तार, साधनांचा वापर आणि संहार यांच्या इंग्रजी शब्दांतले (एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्स्टर्मिनेट) हे ते चार एक्स. संहार पर्यायी होत गेला तसा निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’त ऊर्जेची बाजारपेठ काबीज करून जिंकता येई. २००१ च्या तिसऱ्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये सांस्कृतिक विजय आला, एकाच शहराने संस्कृतीचे २०,००० गुण साठवले तरी डाव जिंकता येई. २००५ च्या चौथ्या भागात त्यासाठी तीन शहरांची संस्कृती सर्वोच्च पातळीला न्यावी लागे. २०१६ च्या सहाव्या भागाने धार्मिक विजय आणला, तर २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ विस्तारात राजनैतिक विजयाला गुणांची मोजणी लागू झाली.

नवखा खेळाडू पहिल्याच टर्नला ‘आज सायन्सने जिंकायचे’ असे ठरवून बसतो. ही घाई बहुधा नडते. सुरुवातीच्या टप्प्यात सगळे मार्ग जवळजवळ एकच मागतात : चांगल्या जमिनीवर लवकर शहरे, आजूबाजूचा शोध, आणि रानटी टोळ्यांना थोपवण्यापुरते सैन्य. नकाशा उघडल्यावर निवडीला अर्थ येतो. सलग एकाच खंडावर शेजारी दाटीने बसले असतील तर लष्करी मार्ग स्वस्त पडतो; बेटांच्या नकाशावर तीच फौज जहाजांत चढवण्या-उतरवण्यात अर्धा डाव जातो. डोंगरांच्या कुशीत जागा मिळाली तर सहाव्या भागात विद्यापीठांचा विभाग (शहराच्या हद्दीत एका ठरावीक कामासाठी राखलेली जागा) उभारणे फायद्याचे, कारण डोंगराला लागून असलेल्या अशा विभागाला विज्ञानाचे जादा गुण मिळतात.

थांबून ठरवावे हे खरे, पण सर्व दारे सारखाच वेळ उघडी राहत नाहीत. धर्माचे दार सर्वांत आधी बंद होते. सहाव्या भागातील मध्यम आकाराच्या नकाशावर आठ संस्कृती (म्हणजे डावात उतरलेली साम्राज्ये) असतात, पण धर्म पाचच स्थापन होऊ शकतात. प्रेषित (धर्म स्थापन करून देणारा महापुरुष) हुकला की धार्मिक विजय त्या डावापुरता संपला. विज्ञानाचे दार सर्वांत उशिरापर्यंत उघडे असते. म्हणूनच गोंधळलेले खेळाडू शेवटी तिकडेच वळतात, आणि तेथे वेगळ्याच कारणाने अडतात. संशोधन हवे तेवढे झालेले असते, पण अवकाशतळ आणि यानाचे प्रकल्प उत्पादनावर चालतात. अवकाशतळालाच साधारण वेगाच्या डावात १,८०० उत्पादन लागते. कारखान्यांचे एकही दमदार शहर नसेल तर ज्ञानाचा ढीग नुसता पडून राहतो.

सर्वांत गैरसमज होतो तो सांस्कृतिक मार्गाबद्दल. तो शांत आणि घरबसल्या चालणारा वाटतो. सहाव्या भागात मात्र त्याला ठरावीक गुणसंख्या नाही : आपल्याकडे येणारे परदेशी पर्यटक हे इतर प्रत्येक संस्कृतीच्या देशी पर्यटकांहून जास्त झाले पाहिजेत. देशी पर्यटक त्या त्या संस्कृतीने आजवर मिळवलेल्या सांस्कृतिक गुणांवरून ठरतात. म्हणजे आपण कितीही वंडर (जगातली आश्चर्ये ठरणाऱ्या वास्तू) बांधली तरी एखादा प्रतिस्पर्धी संस्कृतीत पुढे पळत असेल तर रेषाही त्याच्याबरोबर पुढे सरकते. अशा वेळी जाणते खेळाडू नवे संग्रहालय न बांधता त्या प्रतिस्पर्ध्यावर सैन्य धाडतात. शिवाय विमानविद्या आणि संगणक या तंत्रज्ञानांनी पर्यटन वाढते, त्यामुळे विज्ञानाकडे पाठ फिरवूनही भागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मार्गांची नावे वेगळी असली तरी त्यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असणे हीच या खेळाची खरी गंमत आहे.

किती शहरे वसवायची, हा याच निवडीचा दुसरा चेहरा. मोजकी पण मोठी शहरे ठेवण्याला खेळाडू ‘टॉल’ म्हणतात, पुष्कळ शहरे पसरण्याला ‘वाइड’. पाचव्या भागाच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०१३) विस्तारात मध्यम नकाशावर प्रत्येक वाढीव शहरामागे तंत्रज्ञानाची किंमत ५ टक्क्यांनी वाढे, म्हणून चार शहरांचे साम्राज्य हा जवळपास पाठच झाला होता. सहाव्या भागात विभागांची पद्धत आली आणि तोच पाठ तोट्याचा ठरला; तेथे जास्त शहरे म्हणजे जास्त विभाग. एका भागातले शहाणपण पुढच्या भागात नेणाऱ्यांची अशी फजिती ठरलेलीच.

काठिण्यपातळीनेही गणित बदलते. सहाव्या भागाच्या आठ पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या ‘डेइटी’ पातळीवर संगणकाच्या संस्कृती तीन सेटलर (नवे शहर वसवणारे पथक) घेऊन सुरुवात करतात, खेळाडूला एकच मिळतो. ही तूट भरून काढायला जवळच्या शेजाऱ्याची तयार शहरे लवकर हिसकावणे हा रूढ उपाय आहे. असे आक्रमण करणारा लष्करी विजयच शोधत असतो असे नाही. मिळालेल्या शहरांवर पुढे विज्ञान किंवा संस्कृती उभी करता येते. उलटे मात्र अवघड : ग्रंथालयांत रमलेल्या साम्राज्याला शेवटच्या शंभर टर्नमध्ये उठून साऱ्या राजधान्या घेणे क्वचितच जमते.

मार्ग बदलणे वर्ज्य नाही, पण ते महाग असते, कारण महापुरुषांचे गुण, सरकारी धोरणे आणि विभागांच्या जागा आधीच्या मार्गाला वाहिलेल्या असतात. थोडे मंदिर, थोडी नाट्यगृहे, थोडी तोफखान्याची हौस असा डाव ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होतो. त्याहून अधिक डाव मात्र दुसऱ्याचा विजय रोखायचा राहून गेल्याने हातचे जातात. धार्मिक विजयासाठी प्रत्येक संस्कृतीच्या निम्म्याहून अधिक शहरांत एकच धर्म असावा लागतो, तेव्हा आपली शहरे राखली तरी तो अडतो. धर्म नसलेल्या खेळाडूला हे शेवटच्या क्षणी कळते. राजनैतिक विजयाच्या ठरावात आघाडीवरच्या संस्कृतीचे गुण काढून घेण्यासाठीही मत देता येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागाने डाव तीन युगांत तोडला. प्रत्येक युगात संस्कृती, अर्थ, लष्कर आणि विज्ञान असे चार वारसामार्ग (त्या युगात गाठायच्या उद्दिष्टांच्या मालिका) ठेवले गेले, आणि युग बदलताना खेळाडूला नवी संस्कृती निवडायला लावली. प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात डाव जिंकण्याचे प्रकल्प आधुनिक युगातच उघडत : जागतिक प्रदर्शन, जागतिक बँक, अण्वस्त्रचाचणी आणि मानवी अवकाशउड्डाण.