तान्ह्या बाळाचं कसलं पाप?

नाशिकच्या शरणपूरला किंवा नाशिकरोडला एखाद्या घरी बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, ठरला, की शेजारपाजारचं कुणीतरी विचारतंच: तान्ह्या बाळाचं असं काय पाप, की ते धुवायला हवं? प्रश्न रास्त आहे. खुद्द ख्रिस्ती विचारवंत त्यावर शतकानुशतकं भांडले आहेत.

बायबल मात्र पापापासून सुरू होत नाही. उत्पत्ती या त्यातल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला, स्त्री-पुरुष दोघांनाही, आपल्या प्रतिरूपात घडवतो. मना केलेलं फळ खाण्याची गोष्ट तिसऱ्या अध्यायातली. त्यातही फळापेक्षा पुढचा प्रसंग मला मोलाचा वाटतो. शिळोप्याच्या वेळी देव बागेत फिरतो आहे आणि आदाम-हव्वा झाडांआड लपली आहेत. ‘तू कोठे आहेस?’ अशी देवाची हाक येते. आदाम बायकोवर ढकलतो, ती सापावर. देवापासून तोंड लपवायचं आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा! पापाची ख्रिस्ती कल्पना इथून निघते. वाईट कृत्यांची यादी त्यानंतरची.

दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपला आदाम अजाण लेकरासारखा दिसला: घसरला, पण अजून वाढायचा होता. पूर्वेकडच्या चर्चचा कल साधारण तसाच राहिला. आदामाकडून मरण वारशानं येतं, अपराध येत नाही.

पश्चिमेत ऑगस्टिन या बिशपनं (३५४–४३०) वेगळी वाट धरली. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री त्यानं शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. चोरी चोरी होती म्हणूनच गोड लागली, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं. आपली इच्छाच मुळात वाकडी आहे, हे त्याला त्यात दिसलं. म्हणून त्याची प्रार्थना अशी: तुला हवी ती आज्ञा कर, पण ती पाळायचं बळही तूच दे. हे ऐकून पेलॅगियस हा त्याच्याच काळातला संन्यासी संतापला. माणसाला पाळता येत नसेल, तर देव आज्ञा देईलच कशाला? ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलॅगियसचं मत नाकारलं.

पेलॅगियस वाचायला सोपा आणि उमेद देणारा आहे. पण दारूतून सुटू बघणाऱ्याला ‘मनावर घे’ एवढं सांगून भागत नाही, हे ज्याच्या घरात तो माणूस आहे त्याला कळतं. ऑगस्टिन ते जाणत होता. मात्र बाप्तिस्म्याविना गेलेली बाळंही दंडास पात्र, हे त्याचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित म्हणाला, देवाची कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, पूर्णत्वाला नेते. १५२५ साली प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरनं इरॅस्मस या विद्वानाला उत्तर देताना, तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बंदिवान आहे, असं ठासून मांडलं. त्यावर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं, ही इच्छा दुबळी झाली, पण नष्ट झाली नाही, असं ठरवलं.

हा वाद घेऊन चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट संस्थेची माणसं १८३२ साली नाशकात आली. रामकुंडावर पाप धुवायला लोक पिढ्यान्‌पिढ्या येत होते. पापाची जाणीव इथे कुणी नव्यानं आणून द्यायची नव्हती. मला वाटतं, इथे जास्त नवी ठरली ती पहिल्या अध्यायातली गोष्ट: प्रत्येक माणूस देवाचं प्रतिरूप. शरणपूर वसलं, तिथे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई दूर राहिल्या. जात देवानं केली नाही, माणसानं केली, हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. टिळक म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पतित आणि पतितपावन हे नातं त्यांना अभंगांतून आधीच ठाऊक होतं. १९१९ साली ते गेले तेव्हा ख्रिस्तावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.