मॅलॉकचा पॉइंटर जीपीयूला सरळ काहून देता येत नव्हता?

राजेहो, आपल्या दारव्हा-दिग्रसकडची पोरं आता जुन्या का होईना पण जीपीयूवाल्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचं कुडा (जीपीयूवर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर प्रोग्रॅम चालवायची सोय) शिकायला लागली, न त्यांचा पहिला प्रश्न हाच असते, का मॅलॉकनं मागितलेल्या मेमरीचा पत्ता (पॉइंटर) जीपीयूला तसाच काहून चालत नव्हता. प्रश्न अगदी बरोबर आहे, न त्याचं मूळ लय जुनं आहे.

व्हर्च्युअल मेमरी 1962 मध्ये मँचेस्टरच्या ॲटलास कॉम्प्युटरवर आली. प्रोग्रॅमचा पत्ता वेगळा, रॅममधली खरी जागा वेगळी, पण हा हिशोब प्रोसेसरपुरताच. डीएमए (प्रोसेसरला मधात न घेता थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं) करणाऱ्या कार्डाला फिजिकल, म्हणजे रॅममधला खरा पत्ताच लागायचा, न तोही त्याला झेपेल तेवढाच, जुन्या आयएसए डीएमएला पहिले 16 एमबी, 32 बिटवाल्या पीसीआय कार्डाला 4 जीबी, डेटा त्या हद्दीच्या वर असला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) खाली बाउन्स बफर म्हणजे मधली तात्पुरती जागा घेऊन कॉपी करत बसायचा. मग आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर आलं न डिव्हाइसलाही पत्ते बदलून द्यायची सोय झाली.

खरा पेच पुढं आहे. प्रोसेसचं मॅपिंग (कोणता पत्ता रॅममध्ये कुठं, ही नोंद) एका जागी थांबत नाही, कर्नल पेज (मेमरीचा छोटा तुकडा) स्वॅपमध्ये म्हणजे डिस्कवर टाकते, हलवते, फोर्क होऊन प्रोसेसची दुसरी प्रत झाल्यावर लिहायच्या वेळी कॉपी करते. डिव्हाइसकडे जुनी नोंद राहिली की ते दुसऱ्याच्याच डेटावर लिहून मोकळं! फेरफार होऊन गेल्यावर कोणी जुना सातबारा घेऊन वावरात वखर घालावा, तसंच. म्हणून आधी पेजेस पिन करून, म्हणजे हलू न देता ठेवत, पण जीपीयूसाठी जीबीच्या जीबी पिन केले तर बाकीच्यांनी रॅम आणायची कुठून?

2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.27 कर्नलात एमएमयू नोटिफायर आले, मुख्य गरज केव्हीएमची (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाची) होती. मॅपिंग बदलताना कर्नल ड्रायव्हरला कळवते, ड्रायव्हर आपल्याकडची नोंद पुसते, मगच पेज हलते. माझ्या मते सगळ्यात मोठं पाऊल हेच, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

त्याच्यावरच रेड हॅटच्या जेरोम ग्लिसनं एचएमएम (हेटरोजिनियस मेमरी मॅनेजमेंट) बांधलं, कित्येक वर्षं पॅच सुधारून सुधारून पाठवले, तेव्हा कुठं 2017 मध्ये 4.14 कर्नलात घेतलं गेलं. प्रोसेसचं पेज टेबल (मॅपिंगचा तक्ता) डिव्हाइसकडे जसंच्या तसं दिसते, पेज जीपीयूच्या मेमरीत जाऊ शकते, न सीपीयूनं हात लावला की फॉल्ट होऊन परत येते.

एनव्हिडियानं 2023 मध्ये कुडा 12.2 सोबत ओपन ड्रायव्हरमध्ये हे चालू केलं, न मॅलॉकचा पॉइंटर सरळ चालायला लागला, पण ट्युरिंग पिढीच्या न त्याच्या पुढच्या कार्डांसाठीच. त्याच्या आधीच्या पास्कल कार्डवाल्या पोरांनी कुडाची मॅनेज्ड मेमरीच (सीपीयू न जीपीयू दोघांनाही चालणारी) मागावी.